बाबारावांनी जावयाला जेवायला बोलावलं

आमच्या कार्यकारिणीत नावं सात जणांची आहेत आणि बैठकीला चार जण येतात. त्यात अध्यक्ष गोपाळराव, त्यांना खुर्ची आवडते. एक सोनाराच्या दुकानाचे मालक आहेत, ते सतत फोनवर असतात. एक मी. आणि ज्याच्यावाचून संस्था कधीच बंद पडली असती तो माणूस म्हणजे बाबाराव बुरडे.

संस्थेचं नाव ‘सुमेळ’. सक्करदऱ्यात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. नवरा-बायकोचं पटेना, सुनेला घराबाहेर काढलं, म्हाताऱ्याला मुलगा विचारत नाही, असं काहीबाही घेऊन लोक तो अरुंद जिना चढून येतात. पगार फक्त अश्लेषाला, ती आमची समुपदेशक. कार्यकारिणीवाले आम्ही सगळे फुकट काम करतो, आणि फुकट करतो म्हणून आपण चांगलेच असणार असं आम्हाला वाटतं.

बाबाराव वीज खात्यात मीटर वाचायचे. जुन्या घरांतून मीटर आत, बोळीत, कधी थेट स्वयंपाकघराच्या दाराशी असायचं. मीटरवाल्याला कोणी पाहुणा समजत नाही, त्यामुळे त्याच्यासमोर भांडण थांबत नाही. बाबाराव बॅटरी मारून आकडा टिपून घ्यायचे आणि जाता जाता म्हणायचे, “युनिट लय पडले गा या महिन्यात. अन् आवाजही.” बाई फिस्सकन हसायची, नवरा ओशाळायचा, आणि पुढच्या महिन्यात तोच नवरा त्यांना थांबवून म्हणायचा, “भाऊ, जरा आमच्या इले समजावून सांगा न.” अशी त्यांची सुरुवात झाली. निवृत्त झाले तेव्हा पूर्व नागपुरातली निम्मी घरं त्यांना आतून माहीत होती. अशा माणसाला कार्यकारिणीवर घ्यायचं नाही तर कोणाला?

त्यांची एक पद्धत होती. दोन्ही बाजू आल्या की ते खुर्ची सोडून मधल्या बाकावर जाऊन बसायचे आणि पहिला प्रश्न विचारायचे, “शेवटचं सोबत कधी जेवले?” मी समाजशास्त्रात एम.ए. केलंय, पुस्तकं वाचलीत, आणि मला हा प्रश्न बावळट वाटायचा. पण लोक त्याला उत्तर द्यायचे. कोणी रडायचं. बाबारावांचा ठाम विश्वास होता की एका ताटावर नाही तरी एका पंगतीत बसवली की माणसं जुळतात. कितीतरी जुळलीही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन ते त्या सगळ्यांच्या घरी जाऊन यायचे, स्कूटरवरून, दोन दिवस.

आणि तरीही आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम त्यांनीच आणला होता. एका पोरीची आमच्याकडे बोलणी चालू असताना तिच्या आईबापानं तिला आणि नवऱ्याला एका लग्नात शेजारी शेजारी बसवलं, तिथूनच त्याच्यासोबत पाठवून दिलं. पंधरवड्यात ती भाजलेला हात घेऊन परत आली. त्या दिवशी बाबाराव जेवले नाहीत. पुढच्या बैठकीत त्यांनी स्वतः ठराव मांडला: तिसरी बैठक होऊन काय ते लेखी ठरेपर्यंत दोन्ही घरचं येणं-जाणं बंद. सण नाही, लग्न नाही, तेरवी नाही. नंतर येणाऱ्या प्रत्येक बापाला ते बोट वर करून सांगायचे, “पाणीसुद्धा नाही प्यायचं एकमेकाच्या घरी. समजलं?”

मयुरा त्यांची एकुलती एक मुलगी. पॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये नोकरी. तिचं लग्न दुर्गेशशी झालं, तेव्हा बाबारावांचे पाय आठवडाभर जमिनीवर नव्हते. मुलगा मिहानमधल्या कंपनीत, बेसा रोडला स्वतःचा फ्लॅट, बोलणं मधाळ. लग्नात मलाही त्याने वाकून नमस्कार केला होता. पाठ सरळ करताना तो आपल्याला कोण कोण पाहतंय ते बघत होता, एवढं माझ्या लक्षात आलं. पण तेवढं तर आजकालची सगळीच पोरं करतात.

दोन वर्षांनी एका दुपारी मयुरा आमच्या जिन्यात उभी. बाबाराव त्या वेळी नसतात हे तिला माहीत होतं.

“माहेरी नाही गेलीस?” अश्लेषानं विचारलं.

“गेली होती. आई म्हणे, मारलं तर नाही न? मी म्हटलं, नाही. म्हणे, मग चाय पी अन् घरी जा.”

दुर्गेश मारत नव्हता. भाजीत मीठ कमी पडलं, फोन उशिरा उचलला, लॅबमधून यायला वेळ झाला, की तो तिला गॅलरीत उभं करायचा आणि आतून दार लावून घ्यायचा. मे महिन्यात, भर दुपारी, सुटीच्या दिवशी. फ्लॅट पश्चिमेचा, सहावा मजला, आणि गॅलरीला सावली नाही. आत तो कूलर लावून टीव्ही बघायचा. नागपुरातल्या माणसाला मेमधली दुपार काय असते हे वेगळं सांगायला नको.

“खालचे लोक बघत नाहीत?”

“बघतात न. मी कपडे वाळू घातल्यासारखं करते.”

मला उठून पाणी प्यावं लागलं.

मयुरानं परवानगी दिल्यावर आम्ही बाबारावांना सांगितलं. ते हाताची नखं बघत बसले. मग म्हणाले, “मी या केसमध्ये मंडळाचा म्हणून नाही बसत. बाप म्हणून बसतो.” योग्यच बोलले. पोरीला त्यांनी हुडकेश्वरला घरी आणलं, खोली रिकामी करून दिली. पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मला हळूच म्हणाले, “मॅडम, हात तर नाही न उगारला त्यानं.”

“बाबाराव,” मी म्हटलं, “उद्या दुपारी गच्चीवर अर्धा तास उभे राहा. चपला न घालता. मग आपण बोलू.”

ते उभे राहिले की नाही मला माहीत नाही. पण तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मयुराला काय हवं होतं ते पहिल्या बैठकीतच स्पष्ट झालं. भरपाई नको, दागिने नकोत, पोलीस नकोत. राजीखुशीनं सोडचिठ्ठी हवी. पहिल्या दिवशी दुर्गेश म्हणाला, “मॅडम, गॅलरीत तर हवा असते. ती स्वतःच जाऊन उभी राहते, रुसली की.” अश्लेषा पोरसवदा दिसते, पण चिवट आहे. दुसऱ्या बैठकीत तिनं त्याला इतकं शांतपणे, इतक्या बाजूंनी विचारलं की शेवटी तो वैतागून बोलून गेला, “हां, लावलं एक-दोन वेळा दार. काय मोठी गोष्ट हाय? अन् तिले राहायचंच नसन तर मी काय बांधून ठेवून राहिलो काय? घ्या म्हणा सोडचिठ्ठी.”

आमच्या सगळ्यांसमोर म्हणाला. तिसऱ्या बैठकीला दोघांनी अर्जावर सह्या करायच्या आणि पुढचं काम वकिलाकडे, असं ठरलं. मयुरा खाली रस्त्यावर गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. ती मिक्सरच्या दुकानापुढे उभी राहून एकटीच उसाचा रस पीत होती. सावकाश.

मध्ये अधिक महिना लागला.

बाहेरच्यांना वाटेल, त्यात काय. पण आमच्याकडे धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो. जावयाला विष्णू समजायचं, पुरणाचे धोंडे करून जेवू घालायचं, तेहतीस अनारसे, वर दिवा ठेवून वाण द्यायचं. त्यात लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना. तो चुकवला तर बाईला चारचौघींत तोंड दाखवायला जागा नसते. बाबारावांच्या बायकोला, प्रेमलताबाईंना, गल्लीतल्या बाया रोज विचारायच्या, “काहून वं, जावई नाही आले काय अजून?” मुलगी घरी येऊन राहिलीय हे सगळ्यांना दिसत होतं. विचारायच्या मुद्दामच.

प्रेमलताबाई नवऱ्याला म्हणाल्या, “सोडचिठ्ठी घेतील तवा घेतील. आज तर तो आपला जावई हाय न? वाण चुकवून डोक्यावर पाप कोण घेईन?”

आणि बाबारावांनी दुर्गेशला फोन केला.

हे मला नंतर दोघींकडूनही कळलं, मयुराकडून आणि तिच्या आईकडून, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता. मयुराला सकाळी काही सांगितलं नाही. ती लॅबमधून आली तर दारात त्याचे बूट. आत गल्लीतल्या बाया, पाट मांडलेले, रांगोळी, समया. दुर्गेश एका पाटावर बसलेला, दुसरा रिकामा.

“मी नाही बसणार,” ती म्हणाली.

“बस वं माय, पाच मिनिटं,” आई कानाशी पुटपुटली. “बाया पाहून राहिल्या. वाण जोडप्यालेच देतात. पाच मिनिटांत काय होते?”

तिनं बापाकडे पाहिलं. बाबाराव तांब्याभर पाणी घेऊन जावयाचे पाय धुवायला खाली बसले होते. त्यांनी वर पाहिलंच नाही.

ती बसली. ओवाळलं, दिवा दिला, अनारसे दिले. सासऱ्यानं जावयाच्या पायांवर डोकं ठेवलं. शेजारची कौशल्या उत्साही आहे, तिनं फोटो काढले. दुर्गेशनं तेवढ्यात मयुराच्या खांद्यावर हात टाकला. “मले पाठवा हां, काकू,” तो म्हणाला. जेवला पोटभर. धोंडे मागून घेतले.

तिसऱ्या बैठकीला तो वकील घेऊन आला. वकिलानं फोटो टेबलावर ठेवला. कुंकू लावलेली मयुरा, खांद्यावर हात, पुढे वाण, पायाशी बाबाराव.

“यांच्यात छळ कुठे दिसतो, मॅडम?” वकील म्हणाला. “नवरा-बायकोत कुरबुरी होतात. सासरेबुवा तुमच्याच मंडळाचे सदस्य. छळणाऱ्या माणसाचे पाय धुतात का कोणी?”

“दुर्गेश, तुम्ही गेल्या वेळी दार लावल्याचं कबूल केलं होतं,” अश्लेषा म्हणाली.

“म्हटलं असन रागात. मले तर बायको पायजे. मी न्यायले आलो.” आणि तो मयुराकडे बघून हसला. “धोंडे मस्त झाले होते, आईले सांगजो.”

सह्या झाल्या नाहीत. महिन्याभरात त्यानं कोर्टात अर्ज टाकला: बायकोला नांदायला पाठवा.

ते गेल्यावर मी दार लावून बाबारावांना समोर बसवलं. मला दम धरवत नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

“नियम कोणासाठी केला होता हो तुम्ही? सक्करदऱ्यातल्या लोकांसाठी? हुडकेश्वरला लागू नाही?”

“मॅडम, तीन वर्षांनी येते हा महिना.”

“आणि पोरगी? ती किती वर्षांनी येते?”

“मले वाटलं...” ते अडखळले. “मले वाटलं, एका पंगतीत बसले तं त्याच्या मनात काही येईन. पाघळन तो. कितीक पाघळले आपल्या डोळ्यांसमोर.”

“म्हणजे तुम्हाला सोडचिठ्ठी नकोच होती.”

नकोच होती. ती ज्या दिवशी जिना चढून आली त्या दिवसापासून नको होती. त्यांनी इतकी घरं जोडली, आणि स्वतःचं मोडलं असं कोणी म्हणू नये. मला हे तेव्हा दिसलं, पोरीला कधीच दिसलं असणार.

त्यांनी राजीनामा दिला. मंजूर करा, असं मी बैठकीत स्पष्ट म्हटलं. गोपाळराव म्हणाले, “यांच्या जागी आणता कोणाले?” सोनार फोन बाजूला ठेवून म्हणाले, “माणूस चुकते हो.” राजीनामा परत दिला गेला. खरं सांगायचं तर जागी यायला कोणीच नव्हतं. बाबाराव बैठकींना येत राहिले. पण बाकावर बसेनासे झाले. भिंतीशी खुर्ची घेऊन बसायचे आणि कोणी “काका, तुम्ही सांगा न” म्हटलं की म्हणायचे, “मॅडमला विचारा.”

मयुरा घर सोडून नोकरदार बायकांच्या वसतिगृहात गेली. आम्ही तिला चांगली वकील गाठून दिली, तिच्यामार्फत मयुरानं सोडचिठ्ठीचा अर्ज टाकला. त्या बाईंनी सांगितलं, एका जेवणानं केस पडत नाही. पण लांबते. आणि लांबलीच. तो तारखेला यायचा नाही, आला तर त्याचा वकील नाही, वकील आला तर जजसाहेब रजेवर. प्रत्येक वेळी तिला लॅबमधून रजा काढावी लागायची. दुसऱ्या वर्षी लॅबवाल्यांनी तिला दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. कोर्टाच्या आवारात दुर्गेश भेटला की विचारायचा, “कशी आहेस? बारीक झालीस.” गोड आवाजात. लोक बघायचे तेव्हाच.

मग प्रेमलताबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. करायला मयुराशिवाय कोण? ती हुडकेश्वरला परत आली. दवाखान्यात दुर्गेश फळं घेऊन आला, सासूच्या पायथ्याशी बसला, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलला, औषधं आणून दिली. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, “असा जावई नशिबानं भेटते.” प्रेमलताबाईंनी डाव्या हातानं मुलीचा हात धरून त्याच्या हातावर ठेवला. बोलता येत नव्हतं, एवढंच येत होतं.

दोन आठवड्यांनी मयुरा संस्थेत आली. अश्लेषा आणि मी दोघीच होतो.

“मी जाते परत,” ती म्हणाली. “केस मागं घेते.”

“मयुरा, केस अजून आपल्या हातात आहे. वकीलबाई म्हणतात...”

“मॅडम, मी थकली.” बस, एवढंच. रडली नाही. अश्लेषानं पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

बाबाराव जिन्यात उभे होते. तिच्यासोबत आले होते, आत यायची हिंमत झाली नव्हती. ती बाहेर निघाली तसे ते आडवे आले.

“नको जाऊ,” ते म्हणाले. “मयुरा, नको जाऊ बेटा. मी करीन तुझ्या आईचं. सगळं करीन. मी चुकलो. मी कोर्टात उभा राहून सांगतो, फोटो माझ्यामुळं झाला.”

एवढं बोलायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

ती त्यांच्याकडे शांतपणे बघत म्हणाली, “बाबा, त्या दिवशी पाटाजवळ तुम्ही एवढं जरी म्हटलं असतं, नको बसू, तर मी उभी राहिली असती.” मग त्यांच्या बाजूनं वाट काढून खाली उतरली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

समेट झालेल्या घरी काही महिन्यांनी कार्यकारिणीतलं कोणीतरी जाऊन येतं, ही आमची पद्धत आहे. नातेवाइकानं जायचं नाही. दुर्गेशनं सासरच्यांना ‘आता काही दिवस येऊ नका, तिचं मन लागू द्या’ असं कळवलं होतंच. बाबारावांनी मला फोन केला. “मॅडम, तुम्ही जाता काय?” मी गेले. त्यांच्याच स्कूटरवर, या वयात, बेसा रोडपर्यंत. ते खाली गेटपाशी थांबले.

दार दुर्गेशनं उघडलं. “अरे वा, मॅडम! या, या.” त्याने मला गॅलरीकडे पाठ करून बसवलं. मयुरानं चहा आणला. केस मागे बांधलेले, हातात हिरव्या बांगड्या. तो आम्हा दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसला आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यानंच दिलं. नोकरी? “सोडली तिनं, आता आराम करते.” आई? “व्हिडिओ कॉलवर बघते की रोज.” मी म्हटलं, “मी मयुराला विचारतेय.” तो हसला, “सांग न मग.” मयुरा म्हणाली, “बरी आहे.” तिच्या पायांकडे माझं लक्ष गेलं. तळव्यांच्या कडा काळ्या पडल्या होत्या, कातडी सोललेली. जून लागला होता. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

“मयुरा, माझ्यासोबत चल,” मी त्याच्यासमोरच म्हटलं. “आत्ता. आहेस तशी.”

दुर्गेश चहा पीत राहिला. त्याला बोलायची गरज नव्हती.

“कुठे, मॅडम?” मयुरानं विचारलं. खरंच विचारलं. आणि मला जागेचं नाव सांगता आलं नाही. वसतिगृह? तिथली खाट कधीच दुसऱ्या बाईला गेली होती. हुडकेश्वर? माझं घर, माझं घर म्हणावं तोवर ती कप उचलून आत गेली होती.

लिफ्टनं खाली आले. बाबाराव गेटबाहेर उन्हात उभे होते. झाड होतं बाजूला, पण सावलीत गेले नव्हते.

“कशी हाय?”

खोटं बोलायची मला सवय नाही आणि या वयात लावून घ्यायची नाही. “तो अजूनही करतो,” मी म्हटलं. “पाय भाजलेत.”

ते वर बघू लागले. सहाव्या मजल्यावरची गॅलरी खालून दिसते. रिकामी होती.

“पोलिसात जाऊ,” मी म्हणाले. “चला, आत्ताच जाऊ.”

“ती देईन काय बयान?”

“नाही देणार.”

“विचारलं माझं काही?”

“नाही.”

बाबारावांनी मान हलवली. मग स्कूटर चालू करायला गेले. किल्ली लागेना. मी रिक्षा थांबवली, त्यांना आधी बसवलं. स्कूटर तिथेच राहिली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठे जायचं, तर ते मागे वळून गॅलरीकडेच बघत होते. शेवटी पत्ता मी सांगितला.